नाणीं मागणारा टेलिफोन

दारावर आलेल्या परक्या मनुष्याशीं कसें वागावें, ह्याचे संकेत आपल्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या घालून ठेविले आहेत. त्याला ओसरीवर बसवावें, पाणी विचारावें, कामाची चौकशी करावी आणि काम आपल्याकडचें नसेल तर गोड शब्दांत निरोप द्यावा. टेलिफोनवरून येणारा परका मात्र ओसरीवर थांबत नाहीं. तो एकदम माजघरांत, ऐन विश्रांतीच्या वेळीं, घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या कानाशीं येऊन बसतो. वसई, नालासोपारा, विरार ह्या बाजूच्या कित्येक घरांतील मिळवतीं माणसें सकाळच्या गाडीनें मुंबईस गेलेलीं असतात. मागें आजोबा किंवा आजी. अशा वेळीं "आपल्याकडे जुनीं नाणीं आहेत काय?" असा मृदु प्रश्न कानीं पडला, तर मध्येंच बोलणें तोडणें त्यांना असभ्यपणाचें वाटतें. पलीकडच्या माणसाचा सारा व्यापार ह्या संकोचावरच चालतो.

आणि जुनें नाणें नाहीं असें घर तरी कोठें आहे? लक्ष्मीपूजनाला मांडावयाचे राणीछाप रुपये असतात, आजीच्या डब्यांत एखादी सुटी पुतळी असते. हा 'पुतळी' शब्दच मुळीं व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील आकृतींमुळें रूढ झालेला. वसईचा किल्ला १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता; तेव्हां वाडींत खणतांना त्या काळचें एखादें नाणें हातीं येणें अगदींच अशक्य नाहीं. (जमिनींत सांपडलेलें धन दहा रुपयांहून अधिक किंमतीचें असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें तें जिल्हाधिकाऱ्यांना कळवावें लागतें. टेलिफोनवरील गृहस्थ ही गोष्ट सांगत बसणार नाहींत.)

ह्या लोकांची रीत बहुधा एकच. वैष्णोदेवीचें चित्र असलेलें दहा रुपयांचें नाणें आपल्याजवळ आहे म्हटलें, कीं लगेच "त्याला लाखों रुपये देणारें गिऱ्हाईक तयार आहे," असें उत्तर येतें. हें नाणें २०१२ सालचें; तें आजही दहा रुपयांचें चलन आहे. मग हळूच नोंदणीचें शुल्क मागतात. तें भरलें कीं कराची रक्कम, ती भरली कीं दलाली, नंतर रोकड पोंचविण्याचा खर्च! कागदावर रिझर्व्ह बँकेचें नांव व चिन्हही छापलेलें असतें. ह्या बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं जाहीर निवेदन काढून कळविलें आहे कीं, जुन्या नोटा व नाणीं ह्यांच्या खरेदी-विक्रीशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं, ती असलें शुल्क वा दलाली मागत नाहीं, आणि आपल्या वतीनें तें मागण्याचा अधिकार तिनें कोणासही दिलेला नाहीं. विकणाऱ्यानेंच आधीं पैसे भरावयाचे, हा बाजार तरी कोणत्या गांवचा?

नाण्याचें मोल टेलिफोनवर ठरत नाहीं, ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या सोपाऱ्यांतच आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप खणला. त्यांत दगडी पेटी मिळाली, आणि तींतील एकांत एक ठेविलेल्या करंड्यांबरोबर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी ह्याचें चांदीचें एक नाणें निघालें. त्या इवल्याशा चांदीच्या तुकड्यावरून स्तूपाच्या काळाचा विचार करतां आला. तेंच नाणें कोणीं दाराशीं विकावयास आणलें असतें, तर ती केवळ थोडीशी चांदी ठरली असती.

साध्या रुपयाचा हिशेब मात्र घरच्या घरीं करतां येतो. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्याच्या बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. आजच्या मापानें साडेदहा ग्रॅमांहून थोडी अधिक. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला. त्या दिवसाचा चांदीचा भाव वर्तमानपत्रांत पाहिला, कीं ह्याहून कमी देऊं करणारा आपणांस बुडवीत आहे, हें कळतें. धातूपेक्षां अधिक मोल साल, टांकसाळ व नाण्याची स्थिति ह्यांवरून येतें, आणि त्यासाठीं जाणत्याला नाणें प्रत्यक्ष दाखवावें लागतें. दाखविण्यापूर्वीं तें चिंचेनें घासून लख्ख करण्याचा मोह टाळावा. संग्राहकाच्या लेखीं त्यानें किंमत उतरते.

आतां बोलावयाचें काय? "आम्हांला नाणीं विकावयाचीं नाहींत व घ्यावयाचींही नाहींत. पुन्हां टेलिफोन करूं नये. नमस्कार." एवढें पुरे. कारण मात्र देऊं नये. "आतां वेळ नाहीं" म्हटलें तर उद्यां पुन्हां घंटी वाजते. "मुलगा कामावर गेला आहे" म्हटलें तर घरांत कोण एकटें आहे हें त्याला आयतेंच कळतें. अपशब्दही नकोत; पलीकडे पोटासाठीं बोलणारा एखादा नोकरही असूं शकेल. परंतु ऐकून घेण्याचें ऋण आपल्यावर नाहीं, आणि नमस्कार म्हणून टेलिफोन ठेवणें हें असभ्य नव्हे. व्यापारी प्रचारासाठीं १४० नें आरंभ होणारे क्रमांक नेमून दिलेले आहेत. साध्या क्रमांकावरून विक्रीची गळ घालणारा नियमाबाहेर वागत असतो. नको असलेले टेलिफोन बंद करण्यासाठीं व तक्रारीसाठीं १९०९ हा क्रमांक आहे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्यास १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें परवाना लागतो; तो खुशाल विचारावा. सचोटीच्या व्यापाऱ्याला त्या प्रश्नाचा राग येण्याचें कारण नाहीं.

एक गोष्ट घरांतील तरुणांसाठीं. आजोबांनीं पैसे भरले असें कळलें, तर पहिला शब्द रागाचा असूं नये. रागाच्या भयानें वडील माणसें गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यांतच दुसरा व तिसरा हप्ता निघून जातो. त्यांच्याजवळ बसून किती रक्कम, कोणत्या खात्यांत, केव्हां गेली, हें शांतपणें लिहून घ्यावें, आणि त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवून बँकेलाही सांगावें. रक्कम पुढच्या खात्यांतून हलण्यापूर्वीं निरोप पोंचला, तर ती अडविली जाण्याचा संभव असतो.