आधी कान, मग अक्षर

मुंबईत माहीमहून दोन स्टेशनं पलीकडे, दादरला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये शिशुविहार केंद्र सुरू केलं. त्याआधी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली होती. त्यांनी अवलंबलेल्या मॉन्टेसोरी पद्धतीत मूल पेन्सिल धरण्याआधी खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवतं आणि गिरवताना त्यांचा आवाज म्हणतं. घरी ताटात पसरलेला रवा पुरतो.

त्याही आधी तयार व्हावा लागतो तो कान. माहीम स्टेशनवर गाडीची वाट पाहताना हा खेळ जमतो: माहीम आणि शेजारचं माटुंगा रोड दोन्ही ‘मा’ने सुरू होतात, वांद्रे होत नाही. टाळ्या वाजवून तुकडे पाडले तर ‘मा-हीम’ असे दोनच ऐकू येतात, फलकावर मात्र अक्षरं तीन. मुलाने दोन मोजले तर कान चोख आहे. दुरुस्तीला धावू नये.

अक्षरओळख ‘अ’पासूनच हवी असं नाही. ग, म, भ, न यांची वळणं एकमेकांच्या जवळची, म्हणून अनेक मराठी शाळा तिथून सुरुवात करतात.

पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ जरूर असावं. राधाच्या घरातली माणसं त्यात भेटतात. पान उलटण्याआधी ‘आता कोण?’ एवढंच विचारावं. रोज तेच पुस्तक वाचून मोठे कंटाळतात खरे, पण पाठ झालेल्या ओळीखाली बोट फिरवतच मूल डावीकडून उजवीकडे जायला शिकतं.