टोपीवाल्यांची इमारत आणि १९२७चा उन्हाळा

अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावाचा मुख्य रस्ता, स्टेट स्ट्रीट, हीच दोन राज्यांची हद्द. एका फुटपाथवरचं दुकान टेनेसीत, समोरचं व्हर्जिनियात. १९२७च्या जुलैअखेर टेनेसीच्या बाजूला, टेलर-ख्रिश्चन या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत राल्फ पीअर दोन तंत्रज्ञ घेऊन उतरला. भिंतींवर घोंगड्या टांगल्या, यंत्र मांडलं. पीअर व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित करायला आला होता. एच.एम.व्ही.च्या तबकड्यांवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेत तोच कुत्रा व्हिक्टरचा.

२५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात तिथे १९ कलाकार-संचांची ७६ ध्वनिमुद्रणं झाली. त्या पुण्याईवर १९९८ साली अमेरिकी काँग्रेसने ब्रिस्टलला ‘कंट्री संगीताची जन्मभूमी’ ठरवलं. हे बारसं जरा उशिराचंच म्हणायचं. याच पीअरने १९२३मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या फिडलवादकाला ध्वनिमुद्रित केलं होतं. ते गाणं पीअरला भिकार वाटलं होतं आणि तबकडी मात्र हातोहात खपली. म्हणजे डोंगराळ मुलखातलं गाणं बाजारात आधीच होतं. ब्रिस्टलमध्ये नवं होतं ते दुसरंच काही.

एक, मायक्रोफोन. १९२५पर्यंत भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे, हलक्या वाद्याचा त्यात टिकाव लागत नसे. आता विजेचा मायक्रोफोन हळू आवाजही टिपू लागला. तबकडी फिरवायला मात्र विजेचा भरवसा नव्हता, म्हणून जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं वजन खाली सोडून ती एकसारख्या गतीने फिरवत.

दुसरं, कागद. व्हिक्टरकडून भरघोस पगार घेण्याऐवजी पीअरने गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क मागून घेतले होते. गायकाला प्रत्येक गाण्याचे रोख ५० डॉलर, शिवाय खपावर थोडी रॉयल्टी. पण हक्क नोंदवायचा तर गाणं ‘कुणाचं तरी’ हवं. लोकांच्या तोंडी असलेलं पण कागदावर बेवारस गाणं, थोडी डागडुजी केलेलं, हे पीअरचं खरं भांडवल. माझ्या मते कंट्री संगीताचा धंदा म्हणून जन्म झाला तो इथे.

पहिले काही दिवस गर्दी बेताची होती. मग स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, की अर्नेस्ट स्टोनमन या गायकाने आदल्या वर्षी तबकड्यांवर ३,६०० डॉलर कमावले. झालं! डोंगरातून माणसं फिडल-बँजो घेऊन लोटली.

१ ऑगस्टला पुअर व्हॅलीतून कार्टर मंडळी आली: ए. पी. कार्टर, बायको सारा आणि मेबेल. मेबेल म्हणजे साराची नात्यातली बहीण आणि धाकटी जाऊही. वय १८, पोटात सातवा-आठवा महिना, ऐन उन्हाळ्यातला मोटारीचा खडतर प्रवास. तिची गिटार ऐकण्यासारखी. अंगठ्याने जाड तारांवर चाल, बोटांनी बारीक तारांवर ताल. साथीचं वाद्य एकदम मुख्य गवयाच्या जागी बसलं. पुढे तिची ही पद्धत कितीतरी गिटारवाल्यांनी उचलली. दुसऱ्या सकाळी ए. पी. आलाच नाही. दोघी जावांनीच ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं संसारात जखडलेल्या बाईचं गाणं साराला मुळीच आवडत नव्हतं. पीअरने आग्रह धरला आणि नेमकं तेच चाललं.

४ ऑगस्टला जिमी रॉजर्स आला. रेल्वेतला माजी ब्रेकमन, क्षयाने पोखरलेला. तबकडीवर नाव कुणाचं लागणार यावरून त्याचं साथीदारांशी फाटलं, म्हणून तो एकटाच गायला. दोनच गाणी, १०० डॉलर. त्याचा खरा धडाका नोव्हेंबरात व्हिक्टरच्या कॅम्डनमधल्या स्टुडिओत झाला, पहिल्या ‘ब्लू योडेल’ या गाण्याने. त्यात काळ्यांच्या ब्लूज संगीताची बांधणी उघड आहे. कंपन्या गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्या वेगवेगळ्या मालिकांत विकत. सूर मात्र कुणाची हद्द पाळत नव्हते. रॉजर्स १९३३ साली, वयाच्या ३५व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारला, शेवटच्या ध्वनिमुद्रणानंतर दोनच दिवसांनी.

कागदाच्या या व्यवहाराची झळ कुणाला लागली? पीअरला सतत नवी गाणी हवीत, म्हणून ए. पी. खेडोपाडी गाणी गोळा करत हिंडू लागला. सोबतीला किंग्जपोर्टचा काळा गिटारवादक लेस्ली रिडल. ए. पी. शब्द उतरवून घेई, चाल रिडलच्या डोक्यात राही. घरी परतल्यावर रिडल ती वाजवून दाखवी, मंडळी बसवून घेत. तबकडीवर नाव ए. पी. कार्टरचं. रिडलचा शोध लोकसंगीताचा संग्राहक माइक सीगरने १९६०च्या दशकात घेतला, त्याचं गाणं-वाजवणं टिपलं. त्या ध्वनिमुद्रणांचा अल्बम १९९३मध्ये निघाला; रिडल तेव्हा हयात नव्हता.