हातमोज्यावरील थेंब

रसायनशाळेंतील अपघात म्हटला कीं स्फोट, ज्वाला व धूर हींच चित्रें आपणांपुढें उभीं राहतात. परंतु कांहीं संकटें चाहूलहि न देतां येतात. अशा एका अपघाताची हकीकत आम्ही येथें देत आहों.

अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत हॅनोव्हर गांवीं डार्टमथ कॉलेज आहे. इ. स. १७६९ मध्यें एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें तें स्थापिलें. तेथें कॅरन वेटरहान ह्या विदुषी रसायनशास्त्र शिकवीत. विषारी धातूंचे सजीवांवरील परिणाम हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १४ ऑगस्ट १९९६ रोजीं डायमेथिल मर्क्युरी हें पाऱ्याचें द्रवरूप संयुग हाताळतांना त्याचे कांहीं थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजे पातळ रबराचे होते. काम वायु ओढून घेणाऱ्या कपाटांत चाललें होतें. त्या काळच्या समजुतीप्रमाणें सर्व काळजी घेतलेली होती.

सुमारें पांच महिन्यांनीं त्यांचा तोल जाऊं लागला व वाणी अडखळूं लागली. रक्त तपासतां त्यांत पारा विषारी मर्यादेच्या सुमारें २० पट आढळला. उपचार निष्फळ ठरले आणि ८ जून १९९७ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

असें कां झालें? पाण्यांत विरघळलेलीं पुष्कळ द्रव्यें रबर अडवितो. हें संयुग मात्र त्यांतून अवघ्या १५ सेकंदांत किंवा त्याहूनहि लवकर पार होतें, हें पुढें केलेल्या परीक्षेंत दिसून आलें. मोज्यास भोंक पडत नाहीं, कातडीची आग होत नाहीं. विष शरीरांत शिरून मेंदूस पोंचतें आणि लक्षणें दिसूं लागतात तोंवर उपायाची वेळ टळलेली असते.

वेटरहानबाईंच्या सहकाऱ्यांनीं ही माहिती तत्काळ प्रसिद्ध केली. अशा कामीं अनेक पदरी प्लास्टिकचा मोजा आंत व जाड मोजा वर घालावा, आणि शक्य तेथें हें द्रव्य वापरूंच नये, असें तेव्हांपासून सांगण्यांत येऊं लागलें.

विद्यार्थिमित्रहो, मोजा घातला म्हणजे निर्धास्त झालों असें मानूं नका. बाटली उघडण्यापूर्वीं तींत काय आहे व त्यास कोणता मोजा अडवितो, हें शिक्षकांस विचारा. एक थेंब जरी सांडला तरी ताबडतोब सांगा. रागावतील ह्या भीतीनें लपवूं नका. पालकांसहि आमची विनंती कीं, मुलगा वा मुलगी विज्ञान शिकूं इच्छीत असल्यास भिऊन त्यांस परावृत्त करूं नये. हे प्रश्न विचारण्याची संवय मात्र घरांतूनच लावावी.