बुडालेल्या वेटरची बाजू कोण घेणार?

'सक्सेशन' ही अमेरिकन मालिका २८ मे २०२३ रोजी संपली. चार पर्वे, ३९ भाग. लोगन रॉय हा वृत्तवाहिन्यांचा अब्जाधीश मालक, त्याची चार मुले आणि बापाच्या खुर्चीसाठी त्यांनी एकमेकांचे तोडलेले लचके, एवढेच कथानक. सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार तिला तीनदा मिळाला. आमच्या परिचयातले शिकलेसवरलेले लोक आजही तिच्यावर तावातावाने बोलतात, म्हणून आम्हीही ती पाहिली.

प्रेक्षकांत तट आहेत. एक म्हणतो, या घरात एकही माणूस लायकीचा नाही, मग पाहायचे कशाला? दुसऱ्याला केंडलकडे पाहून गलबलून येते. बापाने माया लावली असती तर पोरगा असा झाला नसता म्हणे! तिसरा शिववर चिडलेला, कारण ऐनवेळी तिने भावाविरुद्ध मत दिले आणि ७ विरुद्ध ६ मतांनी कंपनी परक्याच्या घशात गेली. ही मते अगदीच खोटी नाहीत. पण वाचकहो, या मालिकेत एक वेटरही आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारा प्रेक्षक आम्हाला क्वचितच भेटला.

पहिल्या पर्वाच्या शेवटी (२०१८) इंग्लंडमध्ये शिवचे लग्न असते. तिथे वाढपाचे काम करणाऱ्या एका तरुण पोरावर लोगन भडकतो आणि पोराचे काम जाते. त्याच रात्री केंडल नशेचा माल मिळवायला त्याला गाडीत घेतो. गाडी केंडल चालवतो, ती पाण्यात जाते. केंडल बाहेर येतो, दोन-चार बुड्या मारतो आणि चालू लागतो. पोरगा बुडतो. बाप प्रकरण मिटवतो. बदल्यात मुलाने कंपनी बळकावण्याचा डाव सोडायचा. अपघात म्हणजे खून नव्हे, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. परंतु इथे खटलाच उभा राहत नाही. मेलेल्या पोराच्या मोबदल्यात बापलेकांची तडजोड होते.

या घराण्याची पर्यटन जहाजेही आहेत. त्यांवर वेश्यांवर, स्थलांतरित मजुरांवर काही अत्याचार झाला, की कागदावर शेरा पडे: 'एकही खरी व्यक्ती गुंतलेली नाही'. आमच्याकडे बेवारस प्रेताच्या पंचनाम्यातही 'अनोळखी इसम' लिहितात. नाव गेले तरी तो इसम राहतो. या शेऱ्याने तेवढेही ठेवले नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी (२०१९) केंडलला वेटरची आठवण छळते, तेव्हा बाप याच शेऱ्याने त्याचे सांत्वन करतो!

कोणी म्हणेल, हे लेखकाच्या डोक्यातले. तसे नाही. लॉस एंजेलिसमध्ये गरीब, बेरोजगार काळ्या तरुणांच्या प्रकरणांना 'एकही माणूस गुंतलेला नाही' अशा अर्थाची तीन अक्षरे लावली जात. विदुषी सिल्व्हिया विंटर यांनी १९९० च्या दशकात याच अक्षरांवर आपल्या प्राध्यापक सहकाऱ्यांना अनावृत पत्र लिहिले. असे वर्गीकरण करायला शिकवले कोणी, असा त्यांचा रोख होता आणि तो विद्यापीठांकडे होता.

आता शेवटचा भाग आठवा. तू माणूस मारला आहेस, तू प्रमुख होऊ शकत नाहीस, असे शिव भावाला तोंडावर सांगते. त्यावर केंडलचा पहिला प्रश्न, 'कोणता?' मग तो म्हणतो, तसे काही घडलेच नाही. आम्ही ज्यांच्यासोबत हा भाग पाहिला, त्यांपैकी दोघे त्या क्षणीही शिवलाच घरभेदी म्हणत होते.