शेळ्यांसाठी मुरघास : हवा कोंडली तरच फायदा

श्रावणात बांधावर गवत कमरेइतके वाढते आणि चैत्रात तिथे काडीही मिळत नाही. गाभण किंवा दुभती शेळी या टंचाईत सापडली, की करडे अशक्त जन्मतात आणि दूध आटते. पावसाळ्यातला चारा उन्हाळ्यापर्यंत टिकवण्याची सोपी रीत म्हणजे मुरघास.

यामागचे विज्ञान दह्यासारखेच आहे. हवाबंद चाऱ्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेवर वाढतात. सामू चारच्या आसपास उतरला की कुजवणारे जिवाणू थांबतात आणि चारा कित्येक महिने टिकतो.

उष्ण प्रदेशातल्या गवतांची अडचण इथेच आहे. संकरित नेपियर किंवा गिनी गवतात साखर कमी असते आणि जाड देठांमुळे मध्ये हवा राहते. चवळी, स्टायलो, दशरथ घास, सुबाभूळ या द्विदल चाऱ्यांत प्रथिने भरपूर असतात, पण ते एकटे नीट आंबत नाहीत. म्हणून दोन-तीन भाग गवताला एक भाग द्विदल चारा घ्यावा आणि त्यावर थोडे गुळाचे पाणी शिंपडावे.

कापलेला चारा काही तास सुकवावा. मुठीत दाबल्यावर पाणी गळले तर तो जास्त ओला आहे. हात ओलसर होऊन गोळा हळूहळू सुटला तर योग्य. शेळी चोखंदळ, जाड देठ बाजूला सारते. त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. पिशवीत थराथराने दाबून तोंड घट्ट बांधावे. साधारण 45 दिवसांत मुरघास तयार होतो. त्याला आंबूस-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग असतो.

बुरशी आलेला किंवा सडका वास येणारा भाग मात्र शेळीला अजिबात देऊ नये. हवा शिरलेल्या मुरघासात लिस्टेरिया हा जिवाणू वाढतो. त्यामुळे शेळी एकाच बाजूला गोल फिरू लागते, मान वाकडी होते, गर्भपातही होतो. असे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे. हा जिवाणू कच्च्या दुधातून माणसापर्यंत पोहोचू शकतो आणि गर्भवतींना त्याचा विशेष धोका असतो. शेळीचे दूध उकळूनच प्यावे.

मुरघास थोड्यापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवावा. सोबत सुका चारा आणि झाडपाला हवाच. पिशवी लहान ठेवावी, म्हणजे उघडलेला मुरघास दोन-चार दिवसांत संपतो.