दरडीचा धोका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगरउतारावरची माती, मुरूम आणि दगड सुटून खाली येणे म्हणजे दरड कोसळणे. पारनेर तालुका पर्जन्यछायेत आणि बराचसा पठारावर असल्याने तिथे हा धोका कमी आहे. मात्र याच तालुक्यातल्या भाळवणी, टाकळी ढोकेश्वरवरून जाणारा कल्याण–नगर महामार्ग पुढे माळशेज घाटातून उतरतो, आणि पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात.

गैरसमज : दरडी कोकणातच कोसळतात.
वस्तुस्थिती : 30 जुलै 2014 रोजी सुमारे दीडशे माणसांसह गाडले गेलेले माळीण हे देशावरचे, आंबेगाव तालुक्यातले गाव. ते घोड नदीच्या खोऱ्यात आहे. पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे घडवणारी कुकडी नदीही पुढे याच घोडला मिळते.

गैरसमज : सह्याद्री काळ्या पाषाणाचा, तो ढासळत नाही.
वस्तुस्थिती : सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. खडकाला भेगा असतात, काही थरांमध्ये मऊ लाल माती असते आणि उतारावर झिजलेल्या खडकाचा मुरूम साठतो. मुरमात मुरलेले पाणी खालच्या घट्ट खडकावर अडते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सैल होते आणि वरचा थर घसरतो. हिमालयातल्या अनेक हिमस्खलनांतही खालचा ठिसूळ थर तुटतो आणि वरचा घट्ट बर्फ लादीसारखा सुटतो. दोन्हीकडे पृष्ठभागाइतकेच आतले थर पाहावे लागतात.

गैरसमज : चढ जितका उभा, तितका धोका मोठा.
वस्तुस्थिती : उभ्या कड्यावरून दगड पडतात, पण तिथे माती फारशी टिकत नाही. मातीचा जाड थर मध्यम उतारावर साठतो. हिमस्खलनेही मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. पाण्याने पातळ झालेला राडा ओढ्याच्या वाटेने सपाटीपर्यंत पोहोचतो, म्हणून ओढ्याच्या तोंडाशी असलेली घरेही धोक्यात येतात.

गैरसमज : पाऊस उघडला की धोका टळला.
वस्तुस्थिती : जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू खाली सरकते. संततधारेनंतर उघडीप मिळाली तरी उतार काही तास, कधी काही दिवस कमकुवत राहतो.

गैरसमज : दाट झाडी असलेला डोंगर सुरक्षितच.
वस्तुस्थिती : मुळे वरची माती धरून ठेवतात, त्यामुळे उथळ दरडी कमी होतात. मुळांच्या खालून थर सुटला, तर झाडांसकट उतार खाली येतो.

गैरसमज : यादीत नाव नाही, म्हणजे गाव सुरक्षित.
वस्तुस्थिती : रायगड जिल्ह्यातली इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथे दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. यादी आणि नकाशा धोक्याची शक्यता सांगतात, सुरक्षिततेची हमी देत नाहीत.

गैरसमज : दरड पूर्वसूचना देत नाही.
वस्तुस्थिती : दर वेळी नाही, पण अनेकदा खुणा आधी दिसतात. उताराच्या माथ्यावर जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग पडते आणि पावसागणिक रुंदावते. विजेचे खांब कलतात, दारे चौकटीत अडकू लागतात, नवे झरे फुटतात, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा आटते. पाणी आटले, तर वर कुठेतरी राडा अडल्याची शक्यता असते. अशा वेळी ओढ्यापासून दूर, उताराच्या आडव्या दिशेने सुरक्षित जागी जावे आणि 1077 या जिल्हा आपत्ती क्रमांकावर कळवावे. घाटात दगड पडू लागले असतील, तर वाहन पुढे न नेता दरडीच्या कक्षेबाहेर थांबवावे.