जुना पेट्रोल पंप गेला, टॉवर येतोय. पण जमिनीत मुरलेल्या पेट्रोलचं काय?

उपनगरांत हे चित्र आता ओळखीचं झालंय. अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये रस्त्यालगतचा जुना पेट्रोल पंप बंद होतो, भोवती पत्रे ठोकले जातात आणि टॉवरचा बोर्ड लागतो. जमिनीखालच्या टाक्या क्रेनने उचलून नेल्या की विषय संपला, असं वाटतं. पण टाकीतून आधीच गळलेलं पेट्रोल टाकीबरोबर जात नाही. ते मातीतच राहतं.

गळती होते कशी?

पंपाखालच्या जुन्या टाक्या लोखंडी असतात. ओल्या मातीत लोखंड गंजतं, पाइपचे जोड सैल होतात. रोज थोडं थोडं पेट्रोल झिरपलं तर हिशोबात ते ‘उडून गेलं’ म्हणून खपून जातं. एकट्या अमेरिकेत १९८०च्या दशकापासून अशा गळतीची साडेपाच लाखांहून जास्त प्रकरणं नोंदली गेली आहेत.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. भूजलापर्यंत पोचलं की ते वर तरंगतं, पण त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं आणि पाण्यासोबत पुढे सरकतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ते ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. म्हणजे फक्त १ ग्रॅम बेंझिन १ लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. १० हजार लिटरचे तब्बल १० टँकर!

‘पण आम्ही बोअरचं पाणी पीत नाही’

बरोबर, पण बेंझिन हवेतही उडतं. त्याची वाफ मातीतून बेसमेंटमध्ये शिरू शकते. शिवाय बेसमेंट खोदताना पंपाने पाणी उपसलं, की आजूबाजूचं दूषित पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं.

असा प्रकार आपल्या शेजारीही घडलाय. २०२४ मध्ये गोव्यात वास्को-दाबोळी परिसरात विहिरींच्या पाण्यात इंधन सापडलं. तिथे टाकी नव्हे, जमिनीखालची इंधनवाहिनी गळत होती. पण इंधनाचा मातीतून विहिरीपर्यंतचा प्रवास तसाच.

तपासणी कशी होते?

१. कागदपत्रं: टाक्या किती होत्या, कुठे होत्या, कधी बदलल्या? पेट्रोल साठवण्याचा परवाना ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था देते. तिचं मुख्यालय नागपुरात आहे.

२. माती: टाकीच्या खड्ड्याभोवती आणि तळाच्या खाली बोअर मारून नमुने घेतात. हातातल्या यंत्राने वाफ मोजतात. पंप २००० सालाआधीचा असेल तर शिसंही तपासावं लागतं, कारण तोवर आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल विकलं जात होतं.

३. पाणी: किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. तिन्हींची पाणीपातळी मोजल्यावरच भूजल कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं.

मुंबईत दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे खडक. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल, तर काळ्या दगडातल्या उभ्या भेगा आठवतील. उपनगरांत बऱ्याच ठिकाणी खाली असाच भेगाळलेला बेसाल्ट आहे. अशा भेगेतून प्रदूषण लांब जातं आणि शेजारच्याच बोअरमध्ये काहीही सापडत नाही. दुसरी अडचण पावसाळा. भूजल वर-खाली होताना तरंगणारं पेट्रोल मातीच्या थरांना फासलं जातं. त्यामुळे एकदाच घेतलेला नमुना फसवू शकतो. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासणी हवी.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. संशयित जागांची यादी स्थानिक यंत्रणेने करायची. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि त्यापुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची. जागा दूषित ठरली तर सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल होतो.

तुम्ही अशा जागेवर घर घेताय किंवा शेजारी राहताय? मग बिल्डरला तीन गोष्टी विचारा: टाक्या नेमक्या कुठे होत्या, नमुने कुठून आणि कुठल्या महिन्यात घेतले, आणि बेंझिनचा आकडा किती आला. बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर ते वापरणं थांबवा आणि महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. हे सगळं खोदकाम सुरू होण्याआधी झालं तर उत्तम, कारण एकदा बेसमेंट बांधून झालं की खालची माती तपासणं आणि काढणं दोन्ही कठीण होऊन बसतं.